एक टक्क्याहून कमी

कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर सकाळी पेपर मोठ्यानं वाचायचं काम जोतीराम खवरेकडं होतं. हे काम त्याला कुणी दिलेलं नव्हतं, त्यामुळं ते काढून घेणंही कुणाला जमत नव्हतं. एसटीतून तो वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाला होता. उभी नोकरी मध्यवर्ती स्टँडवरच्या काचेच्या केबिनीत ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ म्हणण्यात गेलेली, आणि माणूस निवृत्त झाला तरी आवाज कामावर हजर राहिला होता. समोर गुरुपाद गवळ्याची म्हैस, म्हशीच्या पोटाशी गुरुपाद, त्याच्या गुडघ्यांत चरवी, आणि भोवती मफलर गुंडाळलेली माणसं हातात पेले आणि मिशांवर फेस घेऊन उभी. या मंडळींना जोतीराम रोजचं जग ऐकवायचा. खून, उसाचा दर, महापालिकेचं पाणी, सगळं एकाच सुरात, फलाट क्रमांक सांगितल्यासारखं. बातमी वाचायची, जरा थांबायचं आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता आपलं एक वाक्य जोडून द्यायचं. मग पेले हिंदकळायचे. त्या हिंदकळण्यावर त्याचा दिवस चालायचा.

त्या दिवशी आतल्या पानावर एका ग्रहाची बातमी होती. बातमी तशी जुनीच, शास्त्रज्ञांना कधीची माहीत असलेली, पण रविवारची पुरवणी भरायची तर कुठून तरी काहीतरी आणावं लागतं. ‘आपल्यापासून साडेसातशे प्रकाशवर्षं दूर असलेल्या एका ताऱ्याभोवती एक काळाकुट्ट ग्रह फिरतो आहे,’ जोतीरामनं सुरुवात केली. ‘म्हणजे तिथला उजेड आपल्यापर्यंत यायला साडेसातशे वर्षं लागतात. गडहिंग्लज गाडीची चौकशी करणाऱ्या प्रवाशांनी नोंद घ्यावी.’ पेले हिंदकळले. ‘हा ग्रह नुसता वायूचा गोळा असून आपल्या गुरूपेक्षाही मोठा आहे, आणि कोळशाहून काळा आहे.’

म्हशीखालून गुरुपादचा आवाज आला, ‘माझ्या म्हशीपेक्षा काळा?’

‘पेपरात तसं म्हणत्यात.’

‘म्हैस बघून गेल्यात काय ती माणसं?’

‘न्हाय. दुर्बिणीनं बघितलंय.’

‘मग कसलं बोलत्यात, आण्णा. या म्हशीची पाठ बघा. भादरलीया, तेल लावलंय. तिच्या पाठीत त्वांड बघून भांग पाडा तुम्ही, भांग.’

‘भांग पाडाय क्यास पायजेत, गुरुपाद. म्हशीचा काय दोष न्हाय.’

मंडळी खुश झाली. एकानं टोपी काढून आपलं टक्कल म्हशीच्या पाठीजवळ नेऊन दोन्हींची चकाकी ताडून पाहिली. जोतीरामनं हसू ओसरेपर्यंत थांबून पुढचं वाक्य घेतलं. ‘विशेष म्हणजे हा ग्रह आपल्या ताऱ्याच्या अगदी जवळ आहे. पण त्याच्यावर पडणाऱ्या उजेडातला एक टक्काही तो परत देत नाही. सगळा गिळून टाकतो. असं का होतं, याचं नक्की कारण अजून कुणाला कळलेलं नाही.’

इथं त्याचं वाक्य यायचं होतं. मंडळी पेले धरून थांबली होती. गुरुपादनंही धार थांबवून म्हशीच्या पोटाआडून मान बाहेर काढली होती. जोतीरामनं तोंड उघडलं, आणि आत काहीच नव्हतं. म्हणजे विनोद नव्हता असं नाही, सासुरवाडीचा एक होता, पतसंस्थेचा एक होता, दोन्ही चालले असते. पण त्या छापील ओळीकडं बघता बघता त्याला घरातली एक खोली दिसली, दिवसा पडदा ओढलेली, आणि तिच्यात खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसलेला विश्वजित. त्याचा मुलगा. ते इतकं सरळ दिसलं, की पेपरवाल्यांनी फोटो छापला असता तर जोतीरामनं ‘हो, हाच’ म्हणून सही केली असती.

‘आण्णा, गाडी बंद पडली काय?’ गुरुपाद म्हणाला, आणि सगळे हसले. त्याच्याशिवाय झालेला तो कट्ट्यावरचा पहिला विनोद. जोतीरामही हसला. पेपर घडी घालून काखेत मारला, रोजची किटली पुढं केली. गुरुपादनं ती भरताना आवाज खाली आणून विचारलं, ‘पोरगं कसं हाय?’

‘हाय. आज बघू.’

आज बघू, कारण आजच बघायचं होतं. डॉक्टर अनुजा म्हणून एक मनोविकारांच्या डॉक्टर होत्या, वयानं विश्वजितएवढ्याच. त्यांच्या लहानशा रुग्णालयात एक खाट रिकामी झाली होती, आणि ती त्यांनी आज दुपारी चारपर्यंत विश्वजितसाठी धरून ठेवली होती. गोळ्यांनी काही होत नाही, आता त्याला चार आठवडे डोळ्यांसमोर ठेवायला हवं, हे त्यांनी मागच्याच खेपेला सांगितलं होतं. अट एकच. त्याला उचलून आणायचं नाही. तो स्वतः ‘येतो’ म्हणाला पाहिजे. जोतीरामनं विचारलं होतं, मान हलवली तर चालेल का. त्यांनी जरा विचार करून सांगितलं, चालेल, पण ती त्याची असली पाहिजे. तुमच्यासाठी हलवलेली नको. हा फरक कसा ओळखायचा हे त्यांनी सांगितलं नाही, आणि जोतीरामनंही विचारलं नाही, कारण त्यांच्या टेबलावर ‘कृपया रांगेत थांबा’ अशी पाटी होती आणि तिच्यावर एक बरं वाक्य त्याला नेमकं तेव्हाच सुचलं होतं.

किटली घेऊन तो सरळ घरी न जाता पंचगंगेच्या बाजूनं वळसा घेऊन निघाला. थंडी होती. उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक कारखान्याकडं निघाल्या होत्या आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं लागलेलं होतं. धारोष्ण दुधाचा फेस घरी पोचेपर्यंत बसतो, हे त्याला माहीत होतं. तरी गेलं वर्षभर तो रोज किटली नेत होता. कोल्हापुरात माणसाला काहीही झालं तरी आधी खुराक बघतात. पोराचं तोंड मिटलं ही बातमी भावकीत गेली, तेव्हाही पहिला प्रश्न हाच आला, की खातोय काय. तूप सांगितलं गेलं, खारीक-बदाम सांगितले गेले, कुरुंदवाडच्या साडूनं पेढे पाठवले, एकानं पायाचं सूप सांगून बकऱ्याचे पाय आणूनही दिले. मग कारणं निघाली. दृष्ट, मोबाईल, पुण्याचं पाणी, एखादी मुलगी. मुलगी हे कारण सगळ्यांना पसंत पडलं, कारण त्यात गोष्ट होती. जोतीरामलाही एखादी मुलगी असती तर बरं वाटलं असतं. त्यानं एकदा विचारलंही होतं. विश्वजितनं नाही म्हणून मान हलवली, आणि त्या हलवण्यात बापाची निराशा केल्याबद्दल थोडी दिलगिरीही होती.

काहीच झालं नव्हतं. हेच कुणाला पटत नव्हतं. पुण्याला नोकरी बरी चालली होती. वर्षापूर्वीच्या दिवाळीला घरी आला तो एक बॅग घेऊन, आणि दिवाळी संपली तरी बॅग उचलायला उठला नाही. आधी ‘उद्या जातो’ म्हणायचा, मग ‘बघतो’, मग ‘हं’. शब्द असे एकेक करून घरातून निघून गेले, जसे पाहुणे लग्न झाल्यावर कुणाला न सांगता स्टँड गाठतात. त्या वेळी जोतीरामच्या ते लक्षात आलं नाही, कारण तो स्वतः बोलत होता. तो इतकं बोलत होता, की घरात दोन माणसांपुरतं बोलणं एकटाच पुरवत होता, आणि एक माणूस गप्प झालाय हे शालनला, त्याच्या बायकोला, आधी कळलं. त्याला वाटत होतं, पोरगं ऐकतंय. ते ऐकतच होतं. सगळं आत जात होतं. सकाळचा कट्टा, दुपारचा फोन, टीव्हीवरच्या मंत्र्याची नक्कल, शेजारच्या विजयसिंहच्या नव्या गाडीचा रिव्हर्स घेताना वाजणारं पाळण्याचं गाणं, सगळं जोतीराम त्या खोलीच्या दारात उभं राहून रोज आत सोडत होता, आणि शंभर वाक्यांना एक ‘हं’ येत होता, कधी तोही नाही. पेपरवाल्यांचा हिशोब बरोबर होता. एक टक्क्याहून कमी.

नदीच्या कठड्याशी तो थांबला. अंतराळातल्या त्या गोळ्याचं एक त्याला सोसवेना. लांब असता आणि काळा असता तर ठीक होतं, लांबच्या वस्तूकडं उजेड पोचतच नाही, तिची काय चूक. पण तो जवळ होता. इतका जवळ, की त्याचं वर्ष अडीच दिवसांत संपतं, असं पुढच्या ओळीत लिहिलं होतं. आणि तो आपली एकच बाजू कायम ताऱ्याकडं ठेवतो, असंही होतं. म्हणजे तारा त्याची एकच बाजू बघत असणार, आणि पलीकडं काय आहे याची त्याला गंधवार्ता नसणार. जोतीरामनं विश्वजितची पाठच बघितली होती कित्येक महिने. पाठ, मान, कानामागचे वाढलेले केस. तो भिंतीकडं तोंड करून बसायचा, तेव्हा चेहऱ्यावर काय असायचं हे फक्त भिंतीला माहीत. आणि तो ग्रह आहे हे मुळात कळलं कसं, तर तो समोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो म्हणून. एरवी दिसत नाही. कट्ट्यावर आज तेच झालं. एक क्षणभर आण्णा मंद झाला, आणि गुरुपादला लगेच घरच्या पोराची आठवण आली.

केबिनीतला एक स्टूल त्याला आठवला. पोरगं पहिलीत-दुसरीत असताना शनिवारी शाळा सुटली की शालन त्याला केबिनीत आणून बसवायची. जोतीराम माईकवर ओठ टेकवायचा. ‘कुरुंदवाडकडं जाणाऱ्या गाडीचे वाहक चहा पिऊन झाले असल्यास गाडी त्यांची वाट पाहत आहे.’ आणि स्टुलावर विश्वजित हसायचा. साधं नाही, उचकी लागेपर्यंत हसायचा, आणि ते हसणं माईकमधून सगळ्या स्टँडभर जायचं. गाठोड्यांवर बसलेल्या बाया वर कर्ण्याकडं बघायच्या आणि कशाला हसायचं ते न कळता हसायच्या. आगार प्रमुखांनी लेखी समज दिली, की निवेदनात हास्य नसावे. जोतीरामनं तो कागद काचेला चिकटवला आणि पुढच्या शनिवारी त्याचंही निवेदन केलं. त्या काळात त्याचा एक प्रेक्षक होता, बाकीचा कोल्हापूर जिल्हा फुकटात ऐकत होता. एखादं वाक्य जमलं की नाही हे त्याला त्या स्टुलावरून कळायचं. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, आणि तिच्यावर त्यानं पुढं अख्खं आयुष्य काढलं, की माणूस हसला म्हणजे बरा आहे. सीपीआरच्या सरकारी दवाखान्यात कुणी भावकीतला पडला, की जोतीरामला नेऊन खाटेशी उभं करायचे. पेशंट हसला की तो बाहेर येऊन बायकांना सांगायचा, डबा बंद करा, घरी न्यायची तयारी करा. त्यातले बरेच खरंच घरी आले. जे आले नाहीत तेही हसले होते, पण ते कुणी मोजत नाही.

घरी शालन दारातच होती. हातात दळणाचा डबा होता. ‘कुठं हुता इतका येळ?’

‘नदीवरनं आलो.’

‘नदीवर काय काढलंय आज. डॉक्टरीणबाई चारपर्यंत वाट बघणार म्हणाल्यात. विजयसिंहला गाडी काढून ठेवाय सांगितलीया मी.’ तिनं किटली घेतली, आत डोकावून फेस बसलेलं दूध बघितलं. मग पदर खोचून म्हणाली, ‘मी गिरणीतनं येती. मी ईचारलं तर मान फिरवतंय. तुमी ईचारा. नुसतं ईचारा. येतोस का म्हणून. येवढंच. म्होरं-मागं काय लावू नका त्याला.’

‘बरं.’

‘काय बोलू नका दुसरं.’

‘बरं म्हटलं की.’

‘गमतीनं बोलाय जाऊ नका.’

‘न्हाय.’

ती गेली. तिचं जाणं मुद्दामचं होतं हे त्याला कळत होतं. बाप-लेकाला जागा करून दिली होती तिनं. जोतीरामनं दूध तापवलं, पेल्यात ओतलं, साखर घातली, हलवली, आणि खोलीसमोर येऊन उभा राहिला. दार नुसतं लोटलेलं होतं. आतली कडी मागच्या महिन्यात शालननं सुताराकडून काढून घेतली होती. कडीच्या जागी चार भोकं राहिली होती. का काढली हे तिनं सांगितलं नव्हतं, त्यानं विचारलं नव्हतं, आणि विश्वजितनंही कडी कुठं गेली म्हणून विचारलं नव्हतं. एकदा त्यानं त्या चार भोकांवर एक विनोद करायचा प्रयत्न केला होता, मनातल्या मनात, आणि तो झाला नव्हता.

त्यानं दार ढकललं. पडद्याआडून आलेला पिवळट उजेड, अंथरुणाचा वास, पंखा थंडीतही चालू. विश्वजित खाटेवर बसलेला, भिंतीकडं तोंड. शर्ट इस्त्रीचा होता, शालन रोज एक इस्त्रीचा शर्ट आत ठेवायची आणि तो रोज घालायचा, हे एक त्यानं सोडलं नव्हतं. जोतीरामनं पेला टेबलावर ठेवला. येतोस का. दोनच शब्द. एवढे सोपे, की तिकिटासाठी खिडकीशी आलेलं शेंबडं पोरही म्हणेल. त्यानं घसा साफ केला आणि त्याला जाणवलं, की हे दोन शब्द आपण उभ्या जन्मात कुणाला विचारलेले नाहीत. आपण नेहमी सांगत आलो. गाडी लागली आहे, गाडी सुटली आहे, गाडी रद्द झाली आहे. कुणी यावं, कुणी राहावं, काच आडवी असल्यानं उत्तर ऐकायची वेळच आली नाही. आणि समजा विचारलं, आणि पाठ तशीच राहिली. मग पुढचं वाक्य कोणतं? ‘येतोस का’च्या पुढं त्याच्याकडं काहीच नव्हतं. रस्ता तिथं संपत होता. भीती वाटली. भीती वाटली की त्याचा आवाज आपोआप खाली घशात जाऊन बसायचा आणि तिथून गोल, गुळगुळीत होऊन वर यायचा, तसा तो आला.

‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे,’ जोतीराम म्हणाला. ‘शुक्रवार पेठ येथून सुटणारी, विजयसिंह यांची, पाळणा वाजवत मागं जाणारी आणि अधूनमधून पुढंही जाणारी निमआराम गाडी तयार आहे. या गाडीचे एकमेव प्रवासी श्री. विश्वजित जोतीराम खवरे दूध पिऊन झाले असल्यास गाडी त्यांची वाट पाहत आहे.’

पाठ जरा हलली. मग विश्वजित वळला. पूर्ण वळला, खाटेवर पाय खाली सोडून. दाढी वाढलेला, डोळ्यांखाली काळं झालेला तो चेहरा जोतीरामला समोरून दिसला, आणि त्या चेहऱ्याच्या एका कोपऱ्यात काहीतरी सुरू झालं. ओठ ताणले गेले. दात दिसले. घशातून एक लहानसा आवाज आला. तो हसला.

‘पप्पा,’ विश्वजित म्हणाला. ‘भारी होतं.’

दोन शब्द आणि वर ‘पप्पा’. जोतीरामच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याला वाटलं, छातीवर कुणीतरी मोठ्या आरशानं ऊन पाडलं. पुढं जाऊन त्यानं पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, ‘दूध पी मर्दा, दूध पी,’ म्हणाला. विश्वजितनं पेला उचलला, एक घोट घेतला, आणि बापाकडं बघत राहिला, तो बाहेर जाईपर्यंत. मग जोतीरामनं दार अलगद ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन, ओट्याला धरून, थोडा वेळ नुसता उभा राहिला. बरा झाला होता. कसलं रुग्णालय आणि कसली खाट. आपलं औषध आपल्याच घरात होतं. रोज थोडं थोडं देत गेलो, साचलं असेल आत कुठंतरी, आज बाहेर आलं. त्यानं फोन लावला.

‘डॉक्टर, जोतीराम खवरे. हसला तो.’

‘येतो म्हणाला का?’

‘अहो, हसला. मला पप्पा म्हणाला. दूध प्याला. आता गरज वाटत न्हाय.’

‘खवरेकाका, मी अजूनही म्हणेन की घेऊन या. इथं मागं बरेच जण थांबलेत. तुम्ही नाही म्हणालात तर मला खाट द्यावी लागेल.’

‘द्या की. खुशाल द्या. ज्याला गरज हाय त्याला मिळूंदे.’

हे वाक्य त्याला आपलं आपल्यालाच फार आवडलं. दुसऱ्याचा विचार केल्यासारखं होतं. मग त्यानं कोल्हापुरातला माणूस आनंदात जे करतो ते केलं, पिशवी घेतली आणि मटण आणायला निघाला. जाताना विजयसिंहला गाडी आत लाव म्हणाला, परत येताना गुरुपादच्या गोठ्यावर थांबून त्यालाही सांगून आला. गुरुपाद म्हशीला पाणी पाजत होता. ‘हसला?’ तो म्हणाला. ‘लई झाक झालं, आण्णा. हसला म्हंजे सुटला. आज रस्सा पांढरा का तांबडा?’

‘दोन्ही,’ जोतीराम म्हणाला.

घरी आला तेव्हा शालन गिरणीतून येऊन डबा खाली ठेवत होती. तिनं आधी अंगणाकडं बघितलं, गाडी नव्हती. मग पिशवीकडं बघितलं. त्यानं सगळं सांगितलं, निवेदनासकट, हसण्यासकट, ‘भारी होतं’सकट. ती ऐकत उभी राहिली. तिच्या हातांवर पीठ होतं आणि ते तिनं झाडलं नाही.

‘ईचारलं का त्याला?’

‘अगं, हसला त्यो.’

‘येतोस का म्हणून ईचारलं का?’

जोतीरामनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

‘तुमच्यासाठी हसला त्यो,’ शालन म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. ‘रोज बघतोय की त्यो तुमचं त्वांड. तुमी यायचं, काय काय बोलायचं, आन हसंल म्हणून हुबं ऱ्हायचं. त्याला दिसत न्हाई व्हय? मला म्हणालता मागं, आई, पप्पांकडं बघवत न्हाय. मी म्हटलं, मग हास की येकदा. त्यो म्हणाला, हसायला लई बळ लागतंय गं.’ ती पाटावर बसली. ‘जेवढं हुतं तेवढं तुमास्नी दिलं त्यानं आज.’

मटण शिजलं. दोन्ही रस्से झाले. शालननं ते केले, कारण आणलेलं मटण टाकून देणं तिला जमण्यासारखं नव्हतं. ताट आत गेलं आणि तसंच बाहेर आलं. विश्वजित पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसला होता, आणि दुधाचा पेला टेबलावर, एका घोटानं कमी झालेला, साय धरून होता. जोतीरामनं दुपारभर फोनकडं बघितलं. चारच्या सुमाराला लावला. डॉक्टर अनुजा शांतपणे बोलल्या. खाट गेली होती. आजऱ्याकडची एक मुलगी आली होती, आईचा हात धरून, स्वतःच्या पायांनी. पुढची कधी रिकामी होईल सांगता येत नाही, दोन आठवडे, कदाचित जास्त. तोपर्यंत त्याला एकटं ठेवू नका. रात्री कुणीतरी खोलीत झोपा. हे ‘रात्री कुणीतरी खोलीत झोपा’ त्यांनी दोनदा सांगितलं.

खुर्चीवर बसून त्यानं काखेतून सुटून पडलेला पेपर उचलला, काहीतरी हातात असावं म्हणून. सकाळी कट्ट्यावर जिथं तो थांबला होता, त्याच्या खाली बातमीची एक चौकट राहिलेली होती. तो ग्रह अगदीच काळा नाही, असं त्यात होतं. त्याच्यावर एक अंधुक लालसर धग दिसते, विझत आलेल्या निखाऱ्यासारखी. पण ती परत आलेला उजेड नव्हे. ताऱ्याजवळ राहून राहून तो इतका तापला आहे, की स्वतःच जळतो आहे. लांबून बघणाऱ्याला मात्र दोन्ही सारखंच दिसतं. जोतीरामनं ते एकदा वाचलं आणि त्याच्यावर कुठलंही वाक्य जोडावंसं त्याला वाटलं नाही.

ऊन उतरल्यावर तो उठला. शालन देवासमोर दिवा लावत होती, तिनं वळून बघितलं आणि पुन्हा वातीकडं बघितलं. तो दार ढकलून आत गेला आणि या खेपेला उभा न राहता खाली फरशीवर बसला, खाटेच्या पायाशी. फरशी गार होती. वर पंखा फिरत होता. त्याला घसा साफ करायची सवय होती, ती त्यानं दाबली.

‘विशू,’ तो म्हणाला. ‘माझ्याबरोबर येतोस का? आज जागा न्हाय ऱ्हायली. मी घालवली. पण परत मिळंल. तवा येतोस का?’

आवाज केबिनीतला नव्हता. बारीक होता, चिरका होता, मध्येच हललेला. त्यानं हा आवाज आधी कधी ऐकलेला नव्हता, आणि विश्वजितनंही ऐकलेला नसणार. पाठ हलली नाही. श्वासाबरोबर शर्ट वर-खाली होत होता, इस्त्रीची घडी दिसत होती, एवढंच. जोतीराम थांबला. बाहेरून एक ट्रॅक्टर गेला, गाणं आलं आणि गेलं. तो आणखी थांबला. सकाळी हे विचारलं असतं तर या पाठीतून काय आलं असतं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

तेवढ्यात त्याला एक सुचलं. त्या गाण्यावरूनच, आपोआप, नेहमीसारखं. चांगलं होतं. गेल्या कित्येक महिन्यांत एवढं चांगलं सुचलं नव्हतं, हमखास जमलं असतं. आणि वर खाटेवर पाठ किंचित ताठ झाली होती. त्याला ते स्पष्ट दिसलं. पोरगं वाट बघत होतं, बाप आता काहीतरी बोलणार म्हणून, आणि त्यासाठी आतून कुठून तरी, उरलंसुरलं गोळा करायला लागलं होतं.

जोतीरामनं तोंड घट्ट मिटून घेतलं. हळूहळू पाठ पुन्हा सैल झाली, आणि खोलीत मग दोघंही गप्प बसून राहिले.